‘विना ऑपरेशन’ गुडघे बरे : जाहिरात काय सांगते आणि पुरावा काय सांगतो

इंदूरचे कोणतेही हिंदी दैनिक उघडा. शहराच्या पानांवर एक तरी जाहिरात हमखास सापडते : ‘बिना ऑपरेशन घुटनों के दर्द से छुटकारा’. रस्त्यांवरच्या फलकांवर तेच, मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींतही तेच. कोणी रक्तातून काढलेल्या प्लेटलेटचे इंजेक्शन देतो, कोणी ‘स्टेम सेल’ देतो, कोणी दुखणारा मज्जातंतूच शांत करून देतो. मंडळांच्या सभागृहांत ‘मोफत गुडघे तपासणी शिबिर’ भरवण्याचे प्रस्तावही अधूनमधून येत असतात.

या जाहिराती आपल्यासारख्या जुन्या मराठी वस्तीच्या शहरांत का चालतात, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, सगळीकडे चित्र सारखेच आहे. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी. घरी आजी-आजोबा दोघेच. गाठीला निवृत्तिवेतन आणि थोडी ठेव. मोठ्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस उशाशी कोण बसणार, ही खरी काळजी. अशा घरात ‘सकाळी या, संध्याकाळी चालत घरी जा’ हे वाक्य औषधाच्या आधीच काम करते.

गेल्या दोन दशकांत गुडघ्याच्या या मधल्या उपायांवर, म्हणजे गोळ्या-तेल आणि सांधेबदल यांच्यामधल्या उपायांवर, जगभर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष जाहिरातीत येत नाहीत. ते आपल्या भाषेत मांडावेत आणि कोणत्या उपायाला पैसा कोण देतो हेही पाहावे, म्हणून हा लेख.

दुखते ते नेमके काय?

पन्नाशी-साठीनंतरच्या गुडघेदुखीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, ज्याला आपण ‘गुडघ्याची झीज’ म्हणतो. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात या विकाराचे (सर्व सांधे धरून) रुग्ण १९९० साली सुमारे २.३ कोटी होते, ते २०१९ मध्ये ६.२ कोटींवर गेले. त्यांत गुडघ्याचे सर्वाधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. रक्त पोहोचत नाही म्हणून ती सहजी भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत म्हणजे कूर्चा स्वतः दुखतही नाही. दुखते ते सांध्याचे आतले अस्तर सुजल्याने, कूर्चेखालच्या हाडावर ताण आल्याने, आणि मांडीचे स्नायू दुबळे झाल्यावर सगळा भार सांध्यावर पडल्याने. म्हणूनच एक्स-रेमध्ये ‘गॅप संपली’ असे दिसणारा माणूस आरामात राजवाड्यापर्यंत चालत जातो, आणि ज्याचा एक्स-रे बरा दिसतो तो जिन्यावर कळवळतो. झीज आणि दुखणे यांचे गणित सरळ नाही.

हे एकदा लक्षात आले, की प्रत्येक उपायाला एक साधा प्रश्न विचारता येतो : हा उपाय झीज भरतो, सूज उतरवतो, दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत जाऊ देत नाही, की सांध्यावरचा भार कमी करतो? झीज भरून काढणारी सुई आज उपलब्ध नाही. ‘कार्टिलेज पुन्हा तयार होते’ असे छातीठोक सांगणाऱ्या ठिकाणी तिथेच सावध व्हावे.

सुईचे उपाय

सर्वांत जुनी सुई स्टेरॉइडची. सूज फार असेल, गुडघा फुगला असेल, तर ती काही आठवडे चांगला आराम देते. लग्नकार्य किंवा प्रवास तोंडावर असेल, व्यायाम सुरू करायचा आहे पण दुखण्यामुळे जमत नाही, अशा वेळी तिचा उपयोग आहे. पण तीच सुई दर तीन महिन्यांनी घेत राहणे ही वेगळी गोष्ट. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी स्टेरॉइड आणि काहींना नुसते मिठाचे पाणी, म्हणजे सलाइन, टोचले. दोन वर्षांनी दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता. स्टेरॉइडच्या गटात कूर्चा मात्र जास्त झिजली होती. मधुमेह्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : या सुईनंतर काही दिवस साखर वाढते.

दुसरी सुई ‘वंगणा’ची, म्हणजे हायलुरोनिक ॲसिडची. कल्पना मोहक आहे : दाराच्या बिजागरीत तेल सोडावे तसे. २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. सलाइनच्या सुईपेक्षा वंगणाचा फायदा इतका लहान निघाला, की रुग्णाला तो जाणवण्याजोगा नाही. उलट गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण थोडे जास्त दिसले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ही सुई देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांची संघटनाही ती सरसकट वापरू नये असे सांगते. आपल्याकडे ती सर्रास दिली जाते.

तिसरी सुई पीआरपीची. रुग्णाचेच रक्त काढून ते यंत्रात फिरवतात, प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करतात आणि तो गुडघ्यात सोडतात. ‘आपलेच रक्त, मग धोका कसला’ हे वाक्य पटकन पटते. काही लहान चाचण्यांत काही महिने आराम मिळाल्याचे दिसले आहे. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘रिस्टोअर’ ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण तिच्यात कोणाला पीआरपी आणि कोणाला सलाइन हे रुग्णांना माहीत नव्हते. वर्षभरानंतर दुखणे शून्य ते दहाच्या मापावर पीआरपीच्या गटात २.१ ने उतरले, सलाइनच्या गटात १.८ ने. हा फरक योगायोगाचा असू शकेल इतका लहान आहे. कूर्चेची झीजही दोन्हीकडे जवळपास सारखीच झाली. शिवाय पीआरपी हे ठरावीक मापाचे औषध नाही. एका केंद्रातील द्रव आणि दुसऱ्या केंद्रातील द्रव यांत प्लेटलेटचे प्रमाण वेगळे असते.

चौथी सुई ‘स्टेम सेल’ची. इथे प्रश्न पुराव्यापुरता नाही, नियमाचाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा वापर मंजूर वैद्यकीय चाचणीबाहेर करणे अनुचित आहे. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसेही घ्यायचे नसतात. म्हणून गुडघ्याच्या स्टेम सेलसाठी कोणी दरपत्रक पुढे केले, तर तिथून उठून यावे.

मज्जातंतू आणि रक्तवाहिनी

अलीकडे मोठ्या शहरांत ‘पेन क्लिनिक’ उघडली आहेत. तिथला प्रमुख उपाय म्हणजे रेडिओ-लहरींनी मज्जातंतू शांत करणे. गुडघ्याकडून दुखण्याची वर्दी मेंदूकडे नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंपर्यंत सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या मदतीने सुई नेतात आणि तिच्या टोकाच्या उष्णतेने ते मज्जातंतू निकामी करतात. आधी त्याच जागी भूल देऊन पाहायची असते. त्या भुलेने दुखणे बरेच उतरले, तरच पुढची पायरी. ही चाचणी-सुई न देता थेट उपचार करू म्हणणाऱ्याला कारण विचारावे.

२०११ मध्ये कोरियात ३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीपासून या पद्धतीला बळ मिळाले. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये तिच्या एका प्रकाराला गुडघ्यासाठी परवानगी दिली. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, मग मज्जातंतू पुन्हा वाढतात. झीज आहे तिथेच राहते. तरीही या उपायाची एक खरी जागा आहे. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे मोठी भूल सोसणार नाहीत, किंवा ज्यांचे दुखणे गुडघा बदलूनही गेले नाही, अशांना तो बरेच काही देऊ शकतो. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायलाच हवे.

त्याहून नवा उपाय रक्तवाहिनीचा. सुजलेल्या अस्तरात बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्याबरोबर मज्जातंतूही वाढतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून त्या वाहिन्यांत अतिसूक्ष्म कण सोडतात आणि तिथला प्रवाह कमी करतात. जपानमधील डॉक्टरांनी २०१५ च्या सुमारास याचे पहिले निष्कर्ष मांडले. कल्पना शास्त्रशुद्ध आहे, सुरुवातीचे अनुभव उत्साह वाढवणारे आहेत, पण खोट्या उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचण्या अजून थोड्या आणि लहान आहेत. सध्या याला आशादायक प्रयोग म्हणावे, नेहमीचा उपचार नव्हे.

दुर्बिणीने ‘सफाई’

दुर्बिणीची शस्त्रक्रिया हीही ‘छोट्या छिद्राची’ म्हणून मोठ्या ऑपरेशनला पर्याय वाटते. खेळताना अचानक गादी फाटली, लिगामेंट तुटले, सांध्यात तुकडा अडकून गुडघा खरोखर कुलूपबंद झाला, अशा तरुण गुडघ्यांत तिचा मोठा उपयोग आहे. झिजलेल्या गुडघ्यात ‘आतून धुऊन काढतो’ म्हणून केलेल्या दुर्बिणीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले, आत काहीही केले नाही. दोन वर्षांपर्यंत या गटाचे आणि खरी सफाई झालेल्या गटांचे दुखणे सारखेच राहिले. फिनलंडमध्ये २०१३ साली झिजेमुळे फाटलेल्या गादीबाबत हेच आढळले. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बीण करू नये अशी ठाम शिफारस केली.

साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये ‘मेनिस्कस टेअर’ असे लिहून येणे फार सामान्य आहे. केस पांढरे होण्यासारखेच ते. त्या दोन शब्दांवरून ऑपरेशन ठरत असेल, तर दुसरे मत जरूर घ्यावे.

मग शेजारच्या काकूंना गुण कसा आला?

हा प्रश्न रास्त आहे. सुई घेऊन गणपतीच्या आरतीला उभ्या राहिलेल्या काकू आपण डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्या खोटे बोलत नाहीत.

गुडघ्याचे दुखणे लाटांसारखे असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो लाट सर्वांत उंच असताना. त्यानंतर काहीही केले, किंवा काही केले नाही, तरी लाट थोडी उतरतेच. त्यात सुई टोचली गेली, कोणी तरी लक्ष देऊन तपासले, चार दिवस आराम झाला, थोडा व्यायाम सुरू झाला, पैसे मोजले म्हणून विश्वास बसला. या सगळ्याने दुखणे खरोखर कमी होते. सलाइनच्या गटातही दुखणे १.८ ने उतरले होते, ते याच कारणाने. म्हणून एकाच्या अनुभवावरून औषधाचा गुण कळत नाही. तुलनेचा गट असावा लागतो. जाहिरातीत दिसतात त्या फक्त बऱ्या झालेल्या काकू. न बऱ्या झालेल्यांची चित्रफीत कोणी काढत नाही.

पैसा कोण देतो आणि कशासाठी?

इथे हा विषय वैद्यकापुरता राहत नाही, सार्वजनिक होतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तोवर सरासरी १ लाख ५८ हजारांच्या आसपास छापील किमतीला होता, तो जीएसटी सोडून ५४ हजार ७२० रुपयांवर आला. मर्यादा सांध्याच्या किमतीवर आहे, रुग्णालयाच्या संपूर्ण बिलावर नाही. तरी सामान्य घराला हा मोठा दिलासा होता.

पुढे २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ‘वय वंदना’ कार्ड मिळू लागले. खासगी विमा असलेल्यांनाही ते घेता येते. केंद्राच्या सीजीएचएससारख्या योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंतले एक निवडावे लागते. आपल्या समाजातील बहुतेक सत्तरीपार मंडळी यात बसतात. ज्यांनी कार्ड काढलेले नाही त्यांनी ते काढून ठेवावे.

पण ही योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. गुडघा बदलायला ती पैसे देते. तो बदलावा लागू नये म्हणून तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे जायचे असेल, तर त्या बाह्यरुग्ण खर्चाला नाही. खासगी विम्याचेही साधारण तेच. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत विमा कंपन्यांनी नाकारू नयेत अशा बारा आधुनिक उपचारांची यादी आहे. तिच्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. स्टेम सेल आहे, पण फक्त रक्तविकारांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी. गुडघ्याच्या मज्जातंतूचा किंवा रक्तवाहिनीचा उपाय तिच्यात नाही. ‘सिद्ध न झालेले उपचार’ हे तर विम्यातील प्रमाणित अपवादच आहेत. ‘आमच्याकडे कॅशलेस होईल’ हे तोंडी आश्वासन म्हणूनच पुरेसे नसते. कंपनीची लेखी मंजुरी हवी.

थोडक्यात, सुरीला सरकार आणि विमा पैसे देतात, सुईला रुग्ण आपल्या ठेवीतून पैसे देतो, आणि ज्या व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे त्याला कोणीच पैसे देत नाही. जाहिरातही त्याची होत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

मोफत शिबिरांकडेही याच नजरेने पाहावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील बोरिसणा गावी एका खासगी रुग्णालयाने मोफत शिबिर घेतले. तिथून १९ जणांना अहमदाबादला नेले, सात जणांची अँजिओप्लास्टी केली, त्यांत दोघे दगावले. प्रकरण फौजदारी गुन्ह्यापर्यंत गेले. तो विषय हृदयाचा होता, गुडघ्याचा नव्हे. पण मोफत तपासणी, योजनेचे कार्ड आणि घाईघाईची प्रक्रिया ही साखळी तीच असू शकते. सगळी शिबिरे अशी नसतात, अनेक डॉक्टर मनापासून सेवा देतात. तरी सभागृह देणाऱ्या मंडळाने आधी विचारावे : शिबिरात सुचवलेला उपचार रुग्णाने दुसरीकडे दाखवून मगच करायचा, हे तुम्हाला मान्य आहे का?

जाहिरातींबाबत कायदाही आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात संधिवाताचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतही रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. अंमलबजावणी किती होते ते आपण फलकांवर पाहतोच.

ज्याला कोणी विकत नाही ते

‘नाइस’चे मार्गदर्शन प्रत्येक रुग्णाला पहिला उपाय म्हणून व्यायाम सांगते, वजन जास्त असेल तर ते उतरवणे सांगते, औषधांत आधी गुडघ्यावर लावायचे वेदनाशामक मलम सांगते. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा पुरावा कमकुवत आहे. तेलाने मालिश आणि शेक यांनी बरे वाटते, त्यात धोका नाही. बिनलेबलच्या ‘जडीबुटी’च्या पुड्या मात्र टाळाव्यात. अशा पुड्यांत छुपे स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत.

व्यायाम म्हणजे नुसते फिरणे नव्हे. मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, किमान तीन महिने. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे-बसणे, पाय सरळ करून धरून ठेवणे, भिंतीला धरून कडेला पाय उचलणे. सुरुवातीला थोडे दुखते; दुसऱ्या दिवसापर्यंत ते उतरले तर काळजी नाही. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडची सुई आणि फिजिओथेरपी यांची थेट तुलना झाली. वर्षअखेरीस फिजिओथेरपीचा गट पुढे होता.

वजनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. २०२४ मध्ये स्थूल आणि गुडघेदुखी असलेल्या ४०७ जणांवर सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्के उतरले, इतरांचे ३.२ टक्के; दुखणेही त्या प्रमाणात जास्त कमी झाले. २०२५ मध्ये या वर्गातील औषधे भारतात स्थूलतेसाठी दाखल झाली आहेत. ती महाग आहेत, त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत. पण या चाचणीने एक गोष्ट पक्की केली : गुडघ्यात काहीही न टोचता, फक्त भार कमी करूनही, दुखणे उतरते. सकाळचे पोहे-जलेबी आणि रात्रीचा सराफा रोजचे न ठेवता सणावारी ठेवले, तर त्या दिशेने थोडी वाट फुकटात चालून होते.

ऑपरेशन कधी टाळू नये

वरचे वाचून ‘ऑपरेशन नकोच’ असा अर्थ कोणी काढू नये. तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, पाय वाकडा होत चालला असेल, तर वर्षानुवर्षे सुया घेत बसण्यात नुकसान आहे. स्नायू गळून गेल्यावर केलेले ऑपरेशन तितके फळत नाही.

ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे आपल्या इंदूरच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेव्हा ही शस्त्रक्रिया मोठ्या लोकांची वाटे, आज ती ठिकठिकाणी होते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा गुडघा बदलता येतो. छेद लहान, बरे होणे लवकर, पण २५ वर्षे टिकण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के. ‘रोबोटिक’ म्हणजे रोबो ऑपरेशन करतो असे नाही. हाड कापण्याचे माप अचूक ठेवायला यंत्र मदत करते. हाड कापावे लागतेच.

डेन्मार्कमधील एका चाचणीने हा तोल चांगला दाखवला. गुडघा बदलण्यास योग्य अशा १०० रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशन आणि व्यायाम-आहार, निम्म्यांना फक्त व्यायाम-आहार. वर्षाने ऑपरेशनच्या गटाला जास्त आराम होता, पण गंभीर गुंतागुंतीही जास्त होत्या. आणि ऑपरेशन न केलेल्या ५० जणांपैकी ३७ जणांना वर्षभरात ते करावेसे वाटले नाही.

काही लक्षणांत मात्र थांबायचे नाही. गुडघा लाल-गरम होऊन ताप येणे, पायावर भारच देता न येणे, पोटरी सुजणे, विनाकारण वजन घटणे, यांत त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल आणि हाताची बोटेही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी आहेत आणि वेळेवर घेतली तर सांधे वाचतात.

विचारायचे पाच प्रश्न

कोणताही उपाय स्वीकारण्यापूर्वी डॉक्टरांना, काका-काकू, न संकोचता हे विचारा.

१. हा उपाय झीज भरतो, की फक्त दुखणे कमी करतो?
२. आराम किती महिने टिकेल आणि पुन्हा किती वेळा करावा लागेल?
३. सलाइनच्या किंवा खोट्या उपचाराशी तुलना केलेल्या चाचणीत हा टिकला आहे का?
४. एकूण खर्च किती, आणि विमा किंवा कार्ड चालेल हे लेखी मिळेल का?
५. मी तीन महिने व्यायाम करून मग ठरवले, तर काय बिघडेल?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. पाचव्या प्रश्नावर ‘आजच करा, सूट आहे’ असे उत्तर आले, तर निर्णय सोपा होतो.

आणि मंडळांनी एक करावे. शिबिरासाठी सभागृह देतो तसे आठवड्यातून दोन सकाळी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली गुडघ्याच्या व्यायामवर्गासाठी द्यावे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून असे गटवर्ग देशभर चालतात. आपल्याकडे भजनी मंडळे आहेत, भिशी गट आहेत, सकाळी बागेत भेटणारी मंडळी आहेत. एकत्र जमण्याची सवय आहे. एकट्याने घरी केलेला व्यायाम आठवड्यात सुटतो, दहा जणांत केलेला टिकतो. वीस खुर्च्या, एक मोकळे सभागृह आणि एक फिजिओथेरपिस्ट एवढेच लागते. ते मंडळाच्या सांस्कृतिक खर्चात सहज बसेल.